अर्धा हॉर्सपॉवर

"विकत मिळतं की रे!"

गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, आणि घरी तर रोजच. कारण एवढंच की मी माती चाळायचं यंत्र बनवत होतो. मोटरवर चालणारं, गोल फिरणारं, पार्किंगच्या कोपऱ्यात उभं राहणारं. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत खर्डेघाशी करणाऱ्या माणसानं वीकांताला असं काही सुरू केलं की लोक त्याच्याकडे, बिचाऱ्याला कामाचा ताण झालाय, अशा नजरेनं बघतात.

तर मंडळी, आजचा लेख भांडणाचा आहे हे आधीच सांगून ठेवतो. यंत्र कसं केलं तेही सांगणार आहे, आकड्यांसकट. पण मूळ मुद्दा यंत्राचा नाही. तो आहे "विकत मिळतं की" या वाक्याचा, आणि ते बोलून आपण काय काय झाकतो त्याचा.

आधी पार्श्वभूमी. आमची सोसायटी एकशेवीस फ्लॅटची. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मोठ्या सोसायट्यांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी टाकली. ते योग्यच होतं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या उरावर जाऊन पडला. तिथल्या विहिरी नासल्या, तिथल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि आपण पेपरात वाचून "किती हा वास!" म्हणत नाक दाबलं. त्यामुळे आपला कचरा आपल्या दारात, हे तत्त्व म्हणून मला शंभर टक्के मान्य आहे.

पण तत्त्व आपण मान्य करतो आणि ते पाळतं कोण? आमच्याकडे ते पाळतात माळीकाका.

आपण काय करतो, तर हिरव्या डब्यात भाजीची देठं टाकतो. (सोबत अधूनमधून शाम्पूची पुडी, दाढीचं पातं आणि रिमोटचे सेलही टाकतो, पण असो.) तिथून पुढे सगळं काकांचं. खड्डे भरायचे, पाला घालायचा, उलथापालथ करायची, आणि दीड-दोन महिन्यांनी तयार झालेलं खत बाहेर काढून चाळायचं. कारण खड्ड्यातून निघतं ते नुसतं खत नसतं. त्यात आंब्याच्या कोयी असतात, नारळाच्या करवंट्या असतात, न कुजलेल्या काड्या, प्लॅस्टिकचे तुकडे, आणि वर सांगितलेली पाती. चाळल्याशिवाय ते कुंडीत घालता येत नाही.

आता ही चाळायची पद्धत बघा. लाकडी चौकट, तिला पाव इंची जाळी. त्यात साधारण पाच किलो माल घ्यायचा, दोन्ही हातांनी उचलून हलवायचा, वर राहिलेलं बाजूला टाकायचं, पुन्हा वाकायचं, पुन्हा भरायचं. महिन्याला चारेकशे किलो कच्चा माल निघतो, म्हणजे ऐंशी वेळा. दोन सकाळी जातात. हे झालं खताचं. दर वर्षी मे महिन्यात बागेसाठी एक ब्रास लाल माती येते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सैल मातीचं वजन धरलं तर जवळपास पावणेचार टन. भागिले पाच किलो. साडेसातशे वेळा! मे महिन्यात! साठीकडे झुकलेल्या माणसानं!

आणि हा आकडा काढायला काय लागलं? फोनमधला कॅल्क्युलेटर. आमच्या सोसायटीत माझ्या अंदाजानं साठेक तरी इंजिनियर राहतात. त्यातले निम्मे दिवसभर "प्रोसेस ऑप्टिमायझेशन" करतात. कुठल्यातरी गोऱ्या क्लायंटच्या क्लार्कचे दिवसाचे चाळीस क्लिक वाचावेत म्हणून आपली दहा-दहा माणसांची टीम सहा महिने राबते, आणि मग त्याचं प्रेझेंटेशन होतं, टाळ्या पडतात. आपल्याच पार्किंगमधल्या माणसाचं साडेसातशे वेळा वाकणं मात्र आपल्याला दिसत नाही. दिसतं, पण ते "प्रॉब्लेम स्टेटमेंट" म्हणून दिसत नाही.

का दिसत नाही? माझं उत्तर सोपं आहे, आणि तेच या लेखाचं म्हणणं आहे. माणूस स्वस्त आहे म्हणून. क्लायंटच्या क्लार्कचा तास महाग, म्हणून त्याचे क्लिक मोजले जातात. काकांचा तास स्वस्त, म्हणून त्यांची पाठ मोजली जात नाही.

पटत नाही? मग आमच्या क्लबहाउसमध्ये या. गेल्या वर्षी तिथे दोन नव्या ट्रेडमिल आल्या. ठराव किती वेळात मंजूर झाला असेल? चहा येईपर्यंत. त्याच मीटिंगमध्ये माळीकाकांची चाळण फाटली म्हणून नवीन घ्यायचा विषय निघाला. साडेचारशे रुपये! त्यावर "जुनी शिवून घेता येणार नाही का?" अशी पंधरा मिनिटं चर्चा झाली. मी तिथेच बसलो होतो. प्रत्येक ट्रेडमिलच्या मोटरवर तीन हॉर्सपॉवर लिहिलेलं आहे. म्हणजे ज्यांना दिवसभर बसून बसून अंग हलवायला मिळत नाही त्यांना घाम यावा म्हणून सहा हॉर्सपॉवर. आणि ज्याला घाम नको इतका येतो, त्याचा थोडा वाचावा म्हणून अर्धासुद्धा नाही.

मी काही ट्रेडमिलच्या विरुद्ध नाही हो. खुशाल पळा. फक्त हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा, एवढंच म्हणणं आहे.

बरं, विषय फक्त पाठीचाही नाही. कोरडं खत चाळताना जी धूळ उडते ती साधी धूळ नसते. कुजणाऱ्या पाल्यात ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात, ते श्वासातून फुफ्फुसात जातात. ऑस्ट्रेलियात कुंडीत घालायच्या मातीच्या पिशवीवर इशारा छापलेला असतो, की पिशवी उघडताना धूळ हुंगू नका, कारण त्यात लेजिओनेला जातीचा जिवाणू असू शकतो आणि त्यानं न्यूमोनिया होऊ शकतो. तिथे हौशी बागकाम करणाऱ्याला वीस लिटरच्या एका पिशवीसाठी ही काळजी. आपल्याकडे तोंडाला पंचा बांधून अख्खा ढीग चाळणाऱ्या माणसासाठी काही नाही.

तर आता "विकत मिळतं की" कडे येतो.

हो बाबांनो, मिळतं. फिरत्या नळकांड्याच्या चाळणीला ट्रॉमेल म्हणतात. मूळ शब्द जर्मन, अर्थ ढोल. (पुण्यात ढोल म्हणलं की कसं आपलं वाटतं! :) ) खडी, वाळू, कोळसा, सोन्याची खाण, सगळीकडे शंभराहून जास्त वर्षं वापरतात. गावोगावच्या जुन्या कचराडेपोंचे डोंगर उपसायचं जे काम चालतं, त्यातही मुख्य यंत्र हेच, फक्त बसएवढं मोठं. लहान आकाराचीही बाजारात आहेत. मग घ्या की! मी कुठे अडवलंय? कमिटीनं उद्या ऑर्डर दिली तर मी माझं यंत्र भंगारात घालून पेढे वाटीन.

पण गंमत अशी की "विकत मिळतं" म्हणणाऱ्यांपैकी एकानंही ते विकत घेतलेलं नाही. घेणारही नाही. या वाक्याचा उपयोग घेण्यासाठी नसतोच. विषय संपवण्यासाठी असतो. विकत मिळतं, म्हणजे तू बनवू नकोस. आणि परवडत नाही, म्हणून आम्ही घेणार नाही. मग काय राहिलं? काकांची चाळण. म्हणजे जिथे होतो तिथेच.

दुसरं म्हणजे, विकत घेतलेल्याचं आमच्याकडे काय होतं तेही ऐका. आमच्याकडे एक स्टीलचं चकचकीत कचरायंत्र आहे. वरून कचरा घाला, बटण दाबा, खालून खत घ्या, असं सांगून विकलेलं. वर्षभर चाललं. मग आतलं एक कार्ड गेलं. विकणारा म्हणाला, कार्ड मिळत नाही, पूर्ण पॅनल बदलावं लागेल, एवढे एवढे लाख. आता त्यावर कपडे वाळत घालतात. साठ इंजिनियर राहतात त्या आवारात एक यंत्र बंद पडलं, आणि कोणी त्याचं झाकणसुद्धा उघडून बघितलं नाही. कारण ते "विकत घेतलेलं" होतं. विकत घेतलेल्या गोष्टीशी आपलं नातं पावतीपुरतं.

माझं यंत्र बंद पडलं तर काय बदलावं लागेल? बेल्ट, बेअरिंग, कॅपॅसिटर, जाळी. चारही गोष्टी बोहरी आळीत आणि नाना पेठेत एका फेरीत मिळतात, आणि चारही बदलायला काकांना माझी गरज नाही. हे मुद्दाम केलंय.

तर केलं कसं? ज्यांना फक्त भांडणात रस आहे त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडून द्या. :)

सायकलच्या सव्वीस इंची तीन रिम घेतल्या, आरे काढून. भंगारवाल्याकडे मिळतात. त्यांना आतून लोखंडी पट्ट्यांनी जोडून सव्वा मीटरच्या आसपास लांबीचा पिंजरा केला आणि त्याला आतून पाव इंची वेल्डमेश गुंडाळली. झाला ढोल. दोन टोकांच्या रिमच्या खाचेत खालून ट्रॉलीची चार छोटी चाकं बसतात, त्यावर ढोल फिरतो, आणि चाक खाचेत असल्यामुळे घसरत नाही. मधल्या रिमच्या खाचेतून बेल्ट जातो. म्हणजे रिम हीच सगळ्यात मोठी पुली. सांगाडा दीड इंची अँगलचा, एका बाजूनं आठेक सेंटीमीटर खाली, म्हणजे साधारण चार अंश उतार. वरच्या तोंडातून माती टाकायची, बारीक माती जाळीतून खाली पडते, जाडंभरडं पुढे सरकत दुसऱ्या तोंडातून बाहेर. ते जाडंभरडं, प्लॅस्टिक वेचून, परत खड्ड्यात. त्यातले जिवाणू नव्या कचऱ्याला विरजणासारखे लागतात.

आता वेग. इथे डिग्री कामाला येते बरं का. ढोल फार जोरात फिरला तर माती भिंतीला चिकटून गोल गोल फिरत राहते, पडतच नाही. वॉशिंग मशीनच्या स्पिनमध्ये कपडे चिकटतात तसं. ज्या वेगाला हे होतं त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. सूत्र सोपं: ४२.३ भागिले व्यासाचं वर्गमूळ, व्यास मीटरमध्ये, उत्तर मिनिटाचे फेरे. केंद्रापसारी बल बरोबर वजन एवढंच मांडलं की दोन ओळींत निघतं. माझ्या ढोलाचा व्यास ५६ सेंटीमीटर, म्हणजे मिनिटाला साधारण ५६ फेरे. चाळायला त्याच्या निम्म्याच्या आसपासचा वेग बरा. माती थोडी वर चढते आणि घरंगळत खाली येते, ढेकळं फुटतात. मोटर १४४० फेऱ्यांची. दोन इंची पुलीवरून बारा इंचीवर घेतलं की २४०. त्याच शाफ्टवर अडीच इंची पुली, तिथून बेल्ट रिमवर, आणि ढोल फिरतो मिनिटाला २७ फेऱ्यांनी. बरोबर हवा तेवढा.

ताकद किती लागते? ढोलात एका वेळी दहा किलो माती आहे आणि ती मध्यापासून पंधरा-वीस सेंटीमीटर बाजूला लोंबकळतेय असं धरा. २७ फेऱ्यांना चाळीस-पन्नास वॅट. जुन्या बल्बएवढी! घर्षण, बेल्ट, अडकलेली करवंटी, सगळं धरून पाव हॉर्सपॉवरची मोटर पुरते. मी जुनी अर्ध्याची घेतली, कारण ती स्वस्तात मिळाली. शाफ्ट वीस मिलीमीटरचा, त्याला दोन पेडस्टल बेअरिंग. दुकानात "यूसीपी दोनशे चार" म्हणलं की समोर येतात. आणि ज्यावर मी एक पैसा वाचवला नाही त्या तीन गोष्टी: दोन्ही बेल्टवर पूर्ण बंद पत्र्याचं कव्हर, नीट अर्थिंग, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. ओली माती, लोखंडी सांगाडा आणि वीज एकत्र आले की तिथे काटकसर करायची नसते. चाळताना ढोलावर जुनी ताडपत्री टाकतो, तिनं बरीच धूळ आतच राहते. तरी मास्क लागतोच, तो डबाभर आणून ठेवलाय.

ओलाव्याचंही सांगतो. माल फार ओला असेल तर कुठलीही जाळी बुजते, विकतची असो की घरची. मूठभर माती दाबा, गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर भुगा झाला तर चाळायला योग्य. गोळा तसाच राहिला तर एक दिवस ऊन द्या. काळ्या मातीला हे जास्त लागू, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. लाल माती त्या मानानं गरीब. आणि ज्यांना खत विकायचंय त्यांच्यासाठी: १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला अट अशी घातलेली आहे की किमान ९० टक्के माल चार मिलीमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. मग जाळी तशी बारीक घ्यायची. आमच्या बागेला पाव इंची पुरते.

हिशोब: मोटर २,२००, रिम ४५०, जाळी १,८००, पुल्या-बेल्ट-बेअरिंग १,९००, अँगल आणि वेल्डिंग ३,२००, वायर-स्विच-आरसीसीबी १,४००. एकूण १०,९५० रुपये. दोन माणसांनी फावड्यानं आरामात भरलं तर तासाला सातशे किलोच्या आसपास माती चाळून होते. म्हणजे मे महिन्यातली ती पावणेचार टन माती साडेपाच तासांत, एक-दीड युनिट विजेत. साडेसातशे वेळा चाळण हलवण्याऐवजी.

झालं, इंजिनियरिंग संपलं. आता पुन्हा भांडण.

पहिला आक्षेप, ऑफिसातला. "तुझ्या तासाचा रेट काढ. चार वीकांत म्हणजे किती तास? गुणिले बिलिंग रेट. दोन लाखांचं यंत्र झालं ना राव!" हा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण तो करणारा माणूस शनिवारी दुपारी अख्खा सीझन संपवून झोपतो आणि त्याचं बिल कोणालाच लावत नाही. शनिवारी माझ्या तासाचा रेट शून्य आहे. तुमचाही. आणि हिशोबच करायचा तर काकांचे तास त्यात कुठे आहेत? ते कॉलमच नाही तुमच्या एक्सेलमध्ये.

दुसरा आक्षेप, स्तुतीच्या रूपात येणारा. "वा! काय भारी जुगाड केलाय!" नाही हो, कृपा करून हा शब्द नको. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. उघडा बेल्ट, सॉकेटमध्ये काडीपेटीच्या काड्या खोचलेल्या वायरी, आणि "चालतंय ना, मग झालं तर" ही वृत्ती. जुगाडात बोट कोणाचं जातं? व्हिडिओ काढून टाकणाऱ्याचं जात नाही, रोज वापरणाऱ्याचं जातं. घरी बनवलेलं म्हणजे कच्चं, आणि विकतचं म्हणजे पक्कं, हे समीकरण आपल्या डोक्यात कोणी भरलं? वेग काढला, ताकद काढली, कव्हर घातलं, तर ते इंजिनियरिंगच असतं, मग ते कारखान्यात होवो की पार्किंगमध्ये.

आणि यात काही नवीनही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवण्याची नोकरी सोडली, बेळगावात सायकलचं दुकान चालवलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी आधी तो घेतही नव्हते. इंग्लंडचे नांगर तेव्हाही विकत मिळत होतेच की! "विकत मिळतं की" म्हणून ते गप्प बसले असते तर? आणि यंत्रांचे शत्रू म्हणून ज्यांना हिणवलं जातं त्या गांधींनी शिवणयंत्राचं कौतुक केलं होतं, आणि १९२९ मध्ये चरखा संघातर्फे सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. तेव्हाचे एक लाख! म्हणजे भांडण यंत्राशी नव्हतंच. यंत्र कोणाचा घाम वाचवतं, हा प्रश्न होता. अजूनही तोच आहे.

आपलं काय झालं? फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये कानस मारून लोखंडाचा चौकोनी "जॉब" करायचा असतो, तो बाहेरून तयार आणून देणाऱ्यांची दुकानं कॉलेजबाहेर असतात. ड्रॉइंगच्या शीटा काचेखाली दिवा लावून जीटी मारून होतात. चार वर्षांनी हातात डिग्री येते आणि कॅम्पसमध्ये सरसकट सगळ्या ब्रँचेस एकाच कंपनीत बसतात. यात पोरांचा दोष मी काढत नाही, नोकऱ्या तिथेच आहेत. पण माझा सांगाडा ज्या वेल्डरदादांनी जोडला, ते दहावीच्या पुढे गेलेले नाहीत. उतार ऐकल्याबरोबर म्हणाले, "साहेब, पुढचे पाय बोल्टवर घेऊ, माती ओली आली तर उतार वाढवता येईल." ॲडजस्टेबल पॅरामीटर! आणि आपण स्वतःला "सोल्यूशन आर्किटेक्ट" म्हणवतो.

आता तिसरा आक्षेप. हा मात्र खरा आहे, म्हणून शेवटी ठेवलाय. "यंत्र आलं, मग काकांच्या कामाचं काय?"

सहसा हा प्रश्न मी हसण्यावारी नेला असता. कारण विचारणारे तेच, जे ऑफिसात बॉट लिहून माणसं कमी करतात. पण महिन्यापूर्वी मीटिंगमध्ये यंत्राचं प्रात्यक्षिक झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी स्वतः फावड्यानं माती घातली, ढोल फिरला, खाली मऊसूत ढीग पडला, वासही छान. आणि टाळ्या विरायच्या आत एका मेंबरनं विचारलं, "छान! मग आता माळ्याचे महिन्याचे दोन दिवस कमी करता येतील ना?"

बघा. ज्या माणसाच्या साडेसातशे फेऱ्या कोणी कधी मोजल्या नव्हत्या, त्याचे वाचलेले दोन दिवस मात्र अर्ध्या मिनिटात मोजून झाले. कष्ट होते तेव्हा ते अदृश्य होते. कष्ट वाचले की लगेच त्यांची किंमत दिसायला लागली, आणि ती किंमत आमच्या खिशात यावी असं आम्हाला वाटलं.

म्हणून माझं म्हणणं इथे संपत नाही, इथे सुरू होतं. यंत्र कोण बनवतं याहून वाचलेला वेळ कोणाचा, हा प्रश्न मोठा आहे. वरचा आक्षेप घेणारे म्हणतात, मग यंत्रच नको. म्हणजे पगार टिकावा म्हणून पाठ मोडत राहू दे. आणि तो मेंबर म्हणतो, यंत्र हवं आणि पगारकपातही हवी. दोघांच्याही हिशोबात एक गोष्ट समान आहे. पाठ आणि पगार यातलं एकच काहीतरी काकांना मिळेल. दोन्ही का मिळू नये, हे कोणी विचारतच नाही. आपल्याकडे लॅपटॉप वेगवान मिळाला म्हणून कोणाचा पगार कापतात का? उलट अप्रेझलमध्ये "प्रॉडक्टिव्हिटी" म्हणून मिरवतो आपण.

मी त्या मीटिंगमध्ये एकच अट घातली. यंत्र सोसायटीला फुकट, पण मिनिट्समध्ये एक ओळ लिहायची: यंत्रामुळे माळीकाकांचे दिवस आणि पगार कमी होणार नाहीत, आणि वाचलेल्या वेळात काय करायचं ते काका ठरवतील. नाहीतर ढोल माझ्या गॅलरीत जाईल, मी त्यात कपडे वाळत घालीन. खूप कुरकुर झाली. "अशा अटी असतात का कुठे?" सेक्रेटरीकाका म्हणाले, "अरे, तू दान देतोयस की करार करतोयस?" म्हणलं, करारच करतोय काका. शेवटी ओळ लिहिली गेली. तिथे तीन लोकांनी विरोधात हात वर केला, हेही सांगतो. त्यातले दोघं माझ्याच क्षेत्रातले.

काकांना विचारलं, त्या दोन सकाळींचं काय करणार? म्हणाले, "रोपं करतो की दादा. नर्सरीतनं विकत आणतात दर वर्षी, कशाला? इथंच करतो." म्हणजे विकत मिळणारी गोष्ट घरी बनवायची हौस आमच्या आवारात एकट्या मलाच नाही. :)

आता तुमच्याकडे येतो. हा लेख वाचून कोणी पुढच्या शनिवारी रिमा शोधायला बाहेर पडलं तर आनंदच आहे, मापं वर दिलेलीच आहेत. पण प्रत्येकानं ढोल बनवावा असं माझं म्हणणं नाही. एवढंच करा. तुमच्या बिल्डिंगमध्ये, ऑफिसात, गल्लीत एखादा माणूस रोज एकच हालचाल शेकडो वेळा करत असेल. जिने पुसणाऱ्या मावशी असतील, पाण्याचे जार चार मजले चढवणारा पोरगा असेल, इस्त्रीवाले काका असतील. एकदा तिथे उभं राहून ती हालचाल मोजा. नुसती मोजा. तुम्हाला मोजता येतं, त्याचाच पगार मिळतो तुम्हाला. आकडा हातात आला की मग ठरवा, विकत घ्यायचं, बनवायचं, की कोणाला तरी बनवायला लावायचं. तिन्ही चालेल. फक्त "विकत मिळतं की" म्हणून लिफ्टचं बटण दाबू नका.

मे महिन्यातली माती यायला अजून तीन आठवडे आहेत. ढोलाला एक रंगाचा हात द्यायचा राहिलाय, आणि बेल्टच्या कव्हरवर काकांना लाल रंगात मोठ्या अक्षरात "हात घालू नये" लिहून हवंय. या वीकांताला तेच काम. कोणाचं अक्षर चांगलं असेल तर या, चहा माझ्याकडे.